खेचरांचं रजिस्टर

“बसा बाई. आज ‘नाही’ सांगायला बोलावलेलं नाही,” दफ्तरखान्याचा कारकून म्हणाला. त्याने खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली आणि तोच रुमाल चष्म्याला लावला.

ती बसली. ही चौथी खेप होती. चार मजले चढून गुडघे नुसते ठणकत होते. आधीच्या तिन्ही खेपांना एकच उत्तर मिळालं होतं: आजोबा ज्या लढाईत होते तिथल्या शिपायांची रजिस्टरं आगीत गेली. आजोबांबद्दल घरात होता तो दोन ओळींचा सरकारी कागद. त्यांचा फौजेतला नंबर, आणि पुढे ‘बेपत्ता’.

त्या एका शब्दापायी आजीने जन्मभर दाराला आतून कडी घातली नाही. तिच्यामागे आत्यानेही नाही. बाप गेला तेव्हा आत्या तीन वर्षांची होती, आता चौऱ्याऐंशीची आहे. “काय ते एकदा नक्की कळू दे गं,” ती भाचीला म्हणायची, “देवाघरी जायच्या आधी एक रात्र तरी मला कडी लावून झोपायचंय.”

कारकुनाने पुठ्ठ्याचं एक जाड रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. “माणसांची जळली. ही खेचरांची. ती दुसऱ्या खोलीत होती, म्हणून वाचली.”

“खेचरांची?”

“तोफांचं सामान डोंगरावर चढवायला असायची. प्रत्येकाचा नंबर, उंची, नाल कधी ठोकली, जखम कुठे झाली, सगळं टिपलेलं. सरकारला खेचर विकत घ्यावं लागतं बाई, माणूस आपल्या पायाने चालत येतो.” तो हसला नाही. “सांभाळणाऱ्याचाही नंबर असतो. आठ दिवस शोधत होतो. हा बघा, तुमच्या आजोबांचा.”

तिने बोट ठेवलं. दोन वर्षं एकाच खेचरापुढे तोच नंबर होता. नाल बदलली. जिन घासून पाठीला झालेली जखम बरी झाली. नदी ओलांडताना सामान वाचवलं. आणि मग सतरा तारखेला, त्याच थंड अक्षरात: ‘सांभाळणारा तोफेच्या गोळ्याने ठार. खेचर सुखरूप. दुसऱ्याच्या ताब्यात दिलं.’

ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती नुसती दमणूक, दिवसभराचं ओझं खाली ठेवल्यावर येते तशी.

“इथे फोनला बंदी आहे,” कारकून म्हणाला आणि उठून खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला.

आत्याने पहिल्या घंटेलाच उचलला.

“सापडलं, आत्या. बेपत्ता नव्हते. सतरा तारखेला गेले. गोळा लागला. जागच्या जागी.”

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

“आत्या? तारीख लिहून घेतेस ना?”

“घेते. आणखी काय लिहिलंय?”

“त्यांचं एवढंच. बाकीचं सगळं त्यांच्या खेचराचं आहे.”

“वाच की मग. एवढी गेलीस ती कशाला?”

ती वाचू लागली. “अठरा तारीख. नव्या माणसाला जवळ येऊ देत नाही. एकोणीस. चारा खाल्ला नाही. वीस. खाल्ला नाही. एकवीस. डॉक्टरने तपासलं, आजार नाही. खाल्ला नाही.” पान संपलं. पुढच्या पानावरची शाई ओल लागून पसरली होती. तिला अक्षर लागेना. “पुढचं पुसट आहे गं आत्या. ठेवते आता, संध्याकाळी घरी येते.”

“थांब,” आत्या म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो आवाज एकाएकी फार लहान झाला होता. “आधी तिथल्या माणसाला विचार. त्या जनावराने मग खाल्लं का?”

तिने मान वर केली. कारकून खिडकीपासून परत आला होता; प्रश्न त्याच्याही कानावर पडला होता. त्याने रजिस्टर आपल्याकडे ओढलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि नाक कागदाला टेकेपर्यंत खाली वाकला.

“सत्तावीस तारीख,” तो हळूच म्हणाला. “थोडं.”