सरांचा घसा

१९८४ साली आठवीची सहल जोगेश्वरीच्या गुंफा बघायला गेली. तिथे एका गोऱ्या पाहुण्याने पेडणेकर सरांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजीचं व्याकरण शिकवण्यात सरांची हयात गेली होती. पण समोर खरा गोरा उभा राहिला आणि त्यांची दातखीळच बसली. आख्खा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं.

तेवढ्यात जानकी पुढे आली. क्रियापदांना उठसूट 'इंग' लावते म्हणून कालच सरांनी तिला छडीने फोडली होती.

वळ उमटलेला तळहात सरांकडे करून ती गोऱ्याला म्हणाली, "टुडे सर थ्रोट पेनिंग. अदरवाइज सर व्हेरी गुड इंग्लिश स्पीकिंग!"