तांडेलचा आकडा

गंगारामच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. पत्र लहानसंच होतं. ‘दत्तू, दाभोळच्या वाचनालयातलं आपलं ते गलबतांचं पुस्तक कॉम्प्युटरवर लिलावात निघालंय. शिक्का ओळखला मी. तू बोली लावू नको, उगाच एकमेकांवर चढत बसू. मी लावून ठेवलीय. तिथे माझं नाव तांडेल. मिळालं की आधी तू वाच. चालेल ना? कळव.’

दत्तोपंत सोहोन्यांनी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. हो म्हणावं तर हावरेपणा दिसतो, नको म्हणावं तर तुसडेपणा. चौथ्या अंतर्देशीयावर नुसता पत्ता घातला होता, तेवढ्यात गंगारामच्या घरून सावित्रीवहिनींचा फोन आला. गंगाराम चहा पिता पिता गेला होता.

ते अंतर्देशीय खिशात घेऊन दत्तोपंत आज गोखले नाक्यावरच्या सायबर कॅफेत खुर्चीच्या टोकावर बसले होते. कॅफे राजश्रीचा. मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते, ते ती वाचून दाखवत होती. पुस्तक आता कुणा परक्याच्या कपाटात जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. संध्याकाळी लिलाव संपायचा होता.

“काका, आपला आकडा आधी ठरवा. आणि ठरवला की पुढे जायचं नाही. इथे भलेभले वाहवत जातात.”

“दोन हजार,” दत्तोपंत म्हणाले. “वरचे डोळ्याचे आहेत. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.”

“सध्या बाराशेवर आहे. तेराशे टाकते.”

पडदा क्षणभर पांढरा झाला.

“चौदाशे झाले,” राजश्री म्हणाली. “कोणी तांडेल आहे.”

“कोण?”

“तांडेल. होडीवरचा म्होरक्या असतो ना, तसं नावच घेतलंय.”

दत्तोपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अगो, तो दाभोळचा गंगाराम. त्याला मी खांदा दिलाय.”

राजश्रीचा हात माउसवरच थांबला. ती हळू आवाजात म्हणाली, “मशीन आहे ते, काका. आपण जास्तीत जास्त किती देणार, ते आधीच सांगून ठेवायचं. तो आकडा कोणाला दिसत नाही. दुसऱ्याने बोली लावली की मशीन आपल्या नावाने शंभर चढवतं. समोर माणूस असावाच लागत नाही.”

“आणि त्याचा आकडा संपला की?”

“मग ते गप्प.”

दत्तोपंतांना दाभोळची खाडी आठवली. लहानपणी काठावरून दत्तूने हाक मारली, तर पलीकडून होडीतून गंगाराम हाक संपायच्या आत ‘ओ’ द्यायचा. तो हाक मारायचा तेव्हा मात्र दत्तू गप्प. आई सांगायची, माणूस दिसत नसेल तर तिन्हीसांजेला हाकेला ओ देऊ नये. दत्तूने ते जन्मभर पाळलं, सगळ्याच हाकांच्या बाबतीत.

“पंधराशे,” ते म्हणाले.

“सोळाशे. तांडेल.”

“सतराशे.”

“अठराशे. तांडेल.”

एकोणीसशेला दोन हजारांचं उत्तर आलं. राजश्रीने माउस सोडला. “झालं. तुमचा आकडा आला.”

“एकवीसशे.”

“काका!”

“टाक गो.”

बाहेर दिवे गेले. जिन्याखालचा जनरेटर धडधडायला लागला. पडद्याचा उजेड दोघांच्या तोंडावर पडला होता. दरवेळी तो पांढरा व्हायचा, श्वास घेतल्यासारखा थांबायचा आणि मग तांडेल उत्तर द्यायचा. एकदाही चुकला नाही. दत्तोपंतांच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर लाजल्यासारखं हसू.

“एवढं थोडं थोडं काय चढवताय?” राजश्री वैतागली. “काय द्यायचं ते एकदाच सांगा आणि घरी जा. ही बोली लावताय की गप्पा मारताय?”

“गप्पाच,” दत्तोपंत म्हणाले. “टाक.”

“अहो, डोळ्याचे आहेत ना ते?”

“टाक.”

तीन हजार गेले. चार गेले. एवढा आकडा त्याने लावून ठेवला होता? ज्या पुस्तकाचं पहिलं पान दत्तूने उघडायचं होतं, त्यासाठी? दत्तोपंतांना आता पुस्तक आठवतच नव्हतं.

“सत्तेचाळीसशे.”

“अठ्ठेचाळीसशे. तांडेल.”

“एकोणपन्नासशे.”

पडदा पांढरा झाला, श्वास घेतल्यासारखा थांबला.

राजश्री वाचेना.

“काय म्हणतोय?”

“तुमची बोली वर आहे, काका.”

“त्याचं वाच.”

“त्यांचं काही नाही.”

जनरेटर धडधडत राहिला. दत्तोपंत पडद्याजवळ वाकले. इतके, की काच त्यांच्या श्वासाने धुरकटली. “पुन्हा टाक.”

“कोणावर? आता तुमच्यासमोर कोणीच नाही. स्वतःवरच चढणार काय?”

लिलाव संपेपर्यंत ते तसेच वाकून बसले. तांडेल गप्प होता. खाडीवर ओ यायची थांबावी आणि नुसतं पाणी ऐकू यावं, तसं त्यांना झालं. पुस्तक मिळालं होतं. डोळ्यांचे पैसे गेले होते. आणि गंगाराम आत्ता, या खुर्चीत, त्यांच्या हातून गेला होता.

त्यांनी अंतर्देशीय टेबलावर पसरलं. राजश्रीने न मागता पेन पुढे केलं. या वेळी काही फाडावं लागलं नाही. दोनच ओळी झाल्या, एकमेकींवर चढलेल्या.

‘पुस्तक मी घेतलं. आधी तूच वाच.’

“पत्ता दाभोळचाच आहे,” राजश्री घाबरून म्हणाली. “त्यांच्याच नावावर. काका, हे कोणाला…”

दत्तोपंत भिंत चाचपत जिना उतरले. तिन्हीसांज झाली होती. रस्त्यावरचे दिवे अजून आले नव्हते. नाक्यावरची लाल पेटी त्यांनी हातानेच शोधली, पत्र फटीतून आत सोडलं आणि काळोखाकडे तोंड करून, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“ओ.”