उंची

आठ वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेला कवठे महांकाळचा रविराज नव्या करारासाठी सांगलीत तपासणीला आला होता. डॉक्टरांनी स्क्रीन त्याच्याकडं वळवली. “हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगलीय. खेळणं बंद. एखाद्या उडीतही फुटेल.” मग विचारलं, “घरात आणखी कुणी इतकं उंच?” “वडील व्हते. मेंढरांमागं चालताना अचानक वारले.” “अशा उंचीबरोबर येणारा हा आजार आनुवंशिक आहे. भावंडं?” रविराज ताडकन उठला. रिक्षानं मैदान गाठलं. जिल्ह्याचा मुलींचा अंतिम सामना रंगला होता. त्यानंच शिकवलेली धाकटी बहीण समीक्षा, सगळ्यांहून हातभर उंच, बास्केटखाली उडी घ्यायला वाकली होती. तो सरळ आत घुसला. शिट्टी वाजली, प्रेक्षक ओरडले. त्यानं तिचं मनगट धरलं. “दादा, येडा झालास काय? सोड की! मॅच चालू हाय!” त्यानं पकड सोडली नाही. मुठीत तिची नाडी थडथडत होती.