वीस वर्षांना नऊ दिवस कमी

या, जरा जवळ सरका. दमलेल्या माणसांची गोष्ट आहे, मोठ्या आवाजात सांगवत नाही.

भोंगा व्हायच्या आत टिकलीनं हजेरीच्या फळीवर दोन बिल्ले अडकवले. एक स्वतःचा, एक थोरलीचा. मग पदर खोचून इस्त्रीघरात शिरली.

रुग्णालयांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून देणारा तो कारखाना. इस्त्रीघरात आठ बायका, त्यांत थोरली सगळ्यांत जुनी. टिकली अंगानं एवढीशी; तिला हाताला धरून काम शिकवलं ते थोरलीनंच.

मागच्या वर्षी मालकांनी भिंतीवर कागद लावला होता, ‘तुमच्या आमच्याकडून काय अपेक्षा आहेत?’ कुणी पंखा मागितला, कुणी टेकायला स्टूल. थोरलीला लिहिता येत नव्हतं. तिनं टिकलीकडून लिहून घेतलं, ‘माझी जागा माझ्या लेकीला मिळावी.’

पंखा आला नाही, स्टूलही आलं नाही. थोरलीला मात्र उत्तर आलं. वीस वर्षं पुरी भरली तर देऊ, एक दिवसही कमी चालणार नाही.

आणि नऊ दिवस उरले असताना थोरलीच्या छातीनं दगा दिला. घरात लेक आणि तिची दोन धाकटी भावंडं. जागा गेली तर चूल विझलीच म्हणायची.

आठ जणींचं काम सात जणी ओढू लागल्या. थोरलीच्या वाट्याच्या चादरी त्यांनी वाटून घेतल्या. टिकलीची कंबर पार कामातून गेली.

“कंबर आहे का सरपण गं तुझी? वाकायचं नाव नाही,” शेजारची म्हणाली.

“वाकले तर परत सरळ व्हायची नाही. तू आपले हात चालव, तोंड नको.”

भीती एकाच माणसाची, मुकादमाची. हजेरी लिहायचं काम त्याचं, आणि नजर घारीची. रोज दुपारी तो दारात येऊन उभा राही.

“थोरली कुठंय?”

“आत, बॉयलरकडं.”

“कालही तिकडंच होती.”

“वाफ कमी पडतीय ना. त्यातलं तिलाच कळतं.”

मुकादम टिकलीकडं नुसता बघत राही. मग वहीत काहीतरी खरडून निघून जाई. ‘देवा, एवढे दिवस पार पाड,’ इस्त्री फिरवता फिरवता ती पुटपुटे.

नवव्या दिवशी मालक स्वतः खाली उतरले. हातात लेकीच्या नेमणुकीचा कागद.

“वीस वर्षं भरली ती बाई कोण? बघू तरी एकदा.”

सातही इस्त्र्या थांबल्या. मुकादम पुढं झाला. आता संपलं, टिकलीला वाटलं.

“बॉयलरकडं आहे, साहेब. बोलावतो. पण ती हलली की वाफ उतरणार, अन् रुग्णालयाची गाडी दारात उभी आहे. चारशे चादरी ओल्याच द्याव्या लागतील.”

मालकांनी घड्याळ पाहिलं. “राहू दे मग. माझा नमस्कार सांगा तिला.” उभ्या उभ्या सही करून ते वर गेले.

मुकादमानं कागदाची घडी घालून टिकलीच्या हातात ठेवली.

“लेकीला उद्यापासून पाठव. वेळेवर ये म्हणावं.”

“मुकादम, तुम्हाला...”

“चादर जळतीय तुझी.”

देवापुढं हात जोडाल, तेव्हा थोरलीला आठवा. त्या नऊ दिवसांतल्या पहिल्याच पहाटे तिला माती देऊन सातही जणी त्याच सकाळी वेळेत कामावर हजर झाल्या होत्या. आणि त्या मातीवर शेवटचं फावडं ओढणाऱ्या माणसाचं तोंड मफलरमुळं टिकलीला तेव्हा दिसलं नव्हतं.