कालवणाची दुरुस्ती

सासूबाई हात धुवायला वळल्या आणि सुनेने पातेल्याचं झाकण उचलून चमचाभर रस्सा जिभेवर टेकवला. मीठ नाही. आंबट नाही. तिखटाचा तर पत्ताच नाही. माशांचे तुकडे बिचारे कोमट पाण्यात आंघोळ करत होते. आणि नणंद दारात चपला काढत होती.

नणंद चवीची फार चोखंदळ. गेल्या आठवड्यात तिने फोनवर भावाला बजावलं होतं, "आईची चव गेली असेल तर तिला ओट्याशी उभी करू नका, स्वयंपाकाला बाई ठेवा. रविवारी मी स्वतः जेवून बघते." तेव्हापासून सून रविवारचे दिवस मोजत होती. सासूबाईंचा अर्धा जीव त्या ओट्यावर. तो काढून घेतला तर महिन्याभरात त्या खरोखरच्या म्हाताऱ्या होतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिला स्वतःला स्वयंपाक येत नाही, हे घरात जगजाहीर होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच कालवणात तिने डाव घालून माशांचा पार लगदा केला होता. पाहुणे पोट धरधरून हसले आणि तिने ओट्याला कोपरापासून हात जोडले. ती घड्याळं दुरुस्त करायची. "बिघडलेलं नीट करायला सांगा, आई, नवीन करायला सांगू नका," असं म्हणून मोकळी व्हायची.

मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना ताप आला. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "जिभेला चव नाही बाई, नाकाला वास नाही." त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं. सुनेला त्यांची इतकी कीव आली की तिने कुणाला न सांगता चिमूटभर घातलं. पुढे आंबट राहू लागलं, मग तिखट, मग चक्क वाटणसुद्धा. दुरुस्ती वाढतच गेली. सासूबाई आंघोळीला गेल्या की ती कांदा-खोबरं भाजून वाटायची आणि डबी फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे दडवायची. त्यांना वास येत नव्हता, तेवढंच एक बरं होतं.

आज मात्र नणंद स्वयंपाकघरातच स्टूल ओढून ठाण मांडून बसली. घरच्या, दारच्या, शेजारच्या गप्पा सुरू झाल्या. फ्रिज हाताच्या अंतरावर होता आणि सून नुसतीच पदराने घाम पुसत होती.

"अगं, गच्चीवर चल जरा," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "माझ्या कुंड्या बघ."

"जेवल्यावर बघू की, आई."

"नाही, आत्ताच. ऊन आहे तोवर." आणि त्या तिला दंडाला धरून घेऊनच गेल्या.

देवच पावला म्हणायचा. सुनेने डबी काढली, वाटण तेलात परतलं, पातेल्यात ओतलं. मीठ, तिखट, आंबट अंदाजानेच पडलं. डावाला हातही न लावता तिने पातेलं दोन्ही कानांना धरून अलगद फिरवलं. एक तुकडा मोडला नाही. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा ती शहाण्यासारखी काकडी चिरत होती.

सगळे जेवायला बसले. नणंदेने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"आई, जीभ गेली पण हात नाही गेला तुझा! कशाला हवी बाई? असं कालवण या घरात दुसऱ्या कुणाला जन्मात जमायचं नाही."

सुनेचा जीव भांड्यात पडला. ती ताटात बघून हळूच हसली.

सासूबाईंनी घास सावकाश चावला. मग सुनेकडे वळल्या.

"खोबरं आज थोडं कच्चं राहिलंय. भाजताना घाई झाली का गं?"

सुनेचा हात वाटीतच राहिला. "आई... तुम्हाला चव लागते?"

"ताप आठ दिवसांचा होता. जीभ महिन्याभरात ताळ्यावर आली. पण तोवर तू मीठ घालायला लागली होतीस. म्हटलं, बघू तरी कुठवर जातेस." त्यांनी आणखी थोडं कालवण वाढून घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, "जन्मात जमायचं नाही म्हणतेस? दीड वर्ष झालं, माझ्या हातचं त्यात फक्त पाणी असतं."