विंगेतला फ्लॅश

डोळे घट्ट मिटा. आता कल्पना करा, की डोळे उघडले तरी समोर एवढाच काळोख आहे. नाटक रंगात आलंय, रंगमंचावरचे सगळे दिवे विझलेत आणि मुकुट घातलेला राजा पाच पायऱ्या उतरून खाली येतोय. तेवढ्यात विंगेतून, म्हणजे बाजूच्या पडद्याआडून, लख्ख उजेड पडतो. आणि राजा धाडकन खाली!

तो उजेड पिंगळीच्या फोनचा होता. तिच्याखेरीज हे फक्त मावशीला ठाऊक होतं.

पिंगळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंधारात पिंगळा घुबडासारखे डोळे टक्क उघडे ठेवून बसायची, म्हणून मावशीनंच ते पाडलं होतं. मावशी नाट्यगृहात दिव्यांचं काम करायची. कुठला दिवा कधी लावायचा, कधी विझवायचा, ते सगळं तिच्या हातात. शिवाय प्रयोगाआधी पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाऊल कुठं टाकायचं ते नटांना दिसतं.

शनिवारी संध्याकाळीही ती पायऱ्यांवर उकिडवी बसून तेच करत होती. एकच पट्टी लावायची राहिली होती.

"मावशी, माझा फोन!" पिंगळी विंगेत चाचपडत ओरडली. "इथंच तर ठेवला होता गं."

मावशी तशीच उठून आली. फोन खोक्यावर सापडला.

"नाव पिंगळी, आणि नाकासमोरचा फोन दिसत नाही!" मावशी हसली. बोटाला चिकटलेली पट्टी तिनं फोनच्या पाठीवर दाबून बसवली. "घे. आता नाही हरवायचा."

पिंगळीनं तिला आदल्या दिवशीचे फोटो दाखवले. सगळे हललेले. राजा म्हणजे नुसता धुराचा लोट.

"आधी काच पूस," मावशीनं रुमाल दिला. "बोटांचे डाग असले की दिव्याभोवती धुकं जमतं. आता फोन खोक्यावर टेकव. कमी उजेडात फोनला उजेड गोळा करायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात हलला की चित्र फिसकटलं."

"बटण दाबताना हलणारच की."

"म्हणून टायमर लावायचा. दाब, हात काढ, गप्प उभी राहा."

"आणि राजाच हलला तर?"

"तो कुठं थबकतो ते तुला पाठ आहे ना? तेवढाच क्षण पकड. आणि काय बंद ठेवायचं?"

"फ्लॅश!"

"शाब्बास. अंधारात फ्लॅश म्हणजे नटाच्या डोळ्यांत मूठभर वाळू."

तेवढ्यात घंटा झाली. "अगं बाई!" म्हणत मावशी दिव्यांच्या खोलीकडे पळाली.

फोटो देखणे आले. सिंहासनावरचा राजा, मशालीच्या उजेडातली राणी. पिंगळी हरखून गेली. मध्यंतरात तिनं आईला फोन केला, मग पुन्हा कॅमेरा उघडला, आणि त्या घाईत फ्लॅश आपोआप चालू झालाय, हे बघायचं राहून गेलं.

राजाचा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

त्या रात्री अंथरुणात पिंगळी म्हणाली, "मावशी, मी उद्या सगळ्यांना सांगते."

"काही सांगायचं नाही. चूक माझी आहे."

"पण फ्लॅश तर..."

"माझी आहे म्हटलं ना? तुझा काही दोष नाही. झोप आता." मावशीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मावशी आपल्याला पाठीशी घालतेय, हे पिंगळीला कळत होतं. त्यानं तर जास्तच रडू आलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर मावशी पट्ट्यांचा नवा रोल घेऊन सकाळीच पायऱ्यांवर बसली होती. पिंगळी जवळ गेली तरी तिनं मान वर केली नाही.

सूचनाफलकावर मॅनेजरकाकांचा कागद लागला. फ्लॅश ज्यानं मारला त्यानं सोमवारी चारच्या आत येऊन सांगावं. नाही तर विंग मावशीच्या ताब्यात असते, तेव्हा तिनंच घरी बसावं.

सोमवारी पावणेचारला पिंगळी मॅनेजरकाकांच्या दारात उभी होती. तो फोटो तिनं अजून एकदाही उघडला नव्हता.

"काय गं, आज शाळेला दांडी?"

"काका, फ्लॅश माझा होता. मावशीला काढू नका."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फोटो आहे?"

"आहे."

"दाखव बघू."

पिंगळीनं फोटो उघडला. राजाचा मुकुट हवेत, दोन्ही हात हवेत, एक पाय पायरीची कड सोडून पार पुढे गेलेला. तिनं पुन्हा पाहिलं. फ्लॅश पडला तेव्हा राजा आधीच पडत होता!

शनिवारपासून अडकलेला श्वास मोकळा झाला. फोन काकांच्या पुढे करायला तिनं हात उचलला, आणि तिची नजर फोटोतल्या पायऱ्यांवर गेली.

पहिलीच्या कडेला पट्टी होती. दुसरीच्या होती. तिसरीच्या, पाचवीच्याही. राजाचा पाय निसटला होता ती चौथी पायरी कोरी होती.

चूक माझी आहे, मावशी म्हणाली होती.

दार करकरलं. चार वाजले होते. मावशी उंबऱ्यात उभी होती. पांढरीफटक.

"अगं, दाखवतेस ना?" काका म्हणाले.

पिंगळीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या पाठीवरची पट्टी नखानं हळूहळू सोडवली आणि काकांसमोर ठेवली.

"ही चौथ्या पायरीची," ती म्हणाली. "मी काढून घेतली होती."