आवाजाचा रकाना

फळ्यावर वाळवी आणि गुहेतला रातकिडा यांच्या तुलनेचा तक्ता होता. शेवटचा रकाना आवाजाचा. तो भरायला सरांनी एरवी तोंडही न उघडणाऱ्या मुलीला उठवलं. तिने लिहिलं, 'वाळवी डोकं आपटून आवाज करते. गुहेतला रातकिडा मुका असतो.'

सरांना हसू आवरेना. "अगं, उलटं लिहिलंस. मुका रातकिडा कधी कुणी पाहिलाय का?"

सगळा वर्ग खो खो हसला.

"पण सर, याला पंखच नसतात. मग तो किरकिर करणार कशाने?"

"आता तू मला शिकवणार? बस खाली."

ती बसली. सरांनी तिचं पुसून उलट लिहिलं आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मधल्या सुट्टीत सरांनी कपाटातलं जाडजूड पुस्तक उघडून पाहिलं. पोरीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. उद्या वर्गात सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पण मुलांसमोर उभं राहिलं की जीभ रेटेना, आणि उद्या-परवा करता करता परीक्षा येऊन ठेपली.

पेपरात नेमका तोच तक्ता आला. तपासताना सगळ्या वर्गाचा रातकिडा किरकिरताना बघून सरांना कसंनुसं झालं. निदान एक तरी उत्तर बरोबर निघेल म्हणून त्यांनी घाईघाईने तिचा पेपर शोधला.

तिने आधी बरोबरच लिहिलं होतं. मग पट्टी लावून ते नीट खोडलं होतं आणि खाली सरांचं उत्तर लिहिलं होतं.